मधला ठोकळा

सोमवार, ६ जानेवारी २०२५

दर जानेवारीत मी नवी डायरी आणते आणि संक्रांतीच्या आत ती किराण्याच्या यादीला लागते. यंदा मात्र लिहिण्यासारखं आहे. मला नोकरी लागली! सायखेड्याच्या अलीकडे एका शाळेत, गणिताची शिक्षिका. नाशिकच्या क्लासमध्ये सहा वर्षं पोरांच्या डोक्यात सूत्रं कोंबली, आता जरा शिकवून बघू.

आईने निघताना हातावर दही-साखर ठेवली आणि अंगात दोन स्वेटर घालायला लावले. नाशिकच्या अमृतधामपासून स्कूटीने निघाले तेव्हा स्वेटरांना हसत होते. चांदोरी फाट्याला वळेपर्यंत हसू गोठलं. निफाडच्या थंडीबद्दल पेपरात वाचणं वेगळं आणि ती नाकात घेणं वेगळं. द्राक्षबागांच्या कडेला लोकांनी शेकोट्या पेटवल्या होत्या, स्वतःसाठी नाही, बागेसाठी. घडांना कागद बांधलेले, खाली धूर. इथे द्राक्षांची बडदास्त पाव्हण्यासारखी असते.

शाळेची जुनी इमारत पाडून नवी बांधताहेत. तोवर पाचवी ते आठवीचे वर्ग एका बंद पडलेल्या द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये भरतात. मुख्याध्यापक रंगनाथ सर मफलर गुंडाळून परिपत्रक वाचावं तसं बोलतात. त्यांनी मला इमारत फिरवून दाखवली. तीन ओळींत तीन-तीन खोल्या, पत्र्याचं छत, आणि बरोब्बर मधोमध सातवीचा वर्ग. तिथे पूर्वी कोल्ड स्टोरेज होतं. यंत्र कधीच काढून नेलंय, पण भिंती वीतभर जाड आणि खिडकी एकही नाही. दार लोखंडी, सरकतं, अवजड. ते आतून उघडत नाही, म्हणून वर्ग चालू असताना खाली वीट लावून ठेवतात. नवीन इमारत होईपर्यंत चालवून घ्यायचं, असं सर म्हणाले.

मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. खिडकी नाही म्हणजे स्मार्ट बोर्डावर चकाकी नाही. होय, स्मार्ट बोर्ड आहे! कुणा देणगीदाराने दिलेला, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेला. त्यात त्रिमितीय आकार काढायचं एक साधन आहे. ठिपक्यांचा कागद उघडतो, बोट लावलं की ठोकळा बसतो, बोट फिरवलं की सगळा आकार फिरतो. वरून, समोरून, बाजूने, कसाही बघा. मी अर्धा तास एकटीच खेळत बसले.

खोलीत कसलासा उग्र वास मात्र आहे. सर म्हणाले, गंधकाचा. द्राक्ष टिकावीत म्हणून पेटीत गंधकाचा कागद घालतात. इतक्या वर्षांनीही तो वास भिंतींतून गेला नाही.

बुधवार, ८ जानेवारी

आज सातवीला त्रिमितीय आकार सुरू केले आणि पहिल्याच घासाला खडा लागला.

बोर्डावर मोठा घन काढला. लांबीला तीन ठोकळे, रुंदीला तीन, उंचीला तीन. विचारलं, एकूण किती? अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, सव्वीस. मला वाटलं, चेष्टा करताहेत. परत विचारलं. परत सव्वीस. मी तीन गुणिले तीन गुणिले तीन करून दाखवलं, सत्तावीस लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. पोरं माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली.

शेवटी पहिल्या बाकावरची एक पोरगी उठली. दिशा तिचं नाव. दोन घट्ट वेण्या, टपोरे डोळे, आवाज अगदी बारीक. म्हणाली, "मॅडम, मधलं मोकळं ठेवायचं असतं. हवेला."

उलगडा असा. या सगळ्यांच्या घरी द्राक्ष नाहीतर टोमॅटो. माल कॅरेटमध्ये भरून त्याची थप्पी लावतात तेव्हा मधल्या जागी कॅरेट ठेवत नाहीत. मधे हवा खेळली नाही तर माल आतून तापतो, सडतो. बाहेरून थप्पी भरीव दिसते आणि पोटात पोकळ असते. पोरं जन्मापासून हेच बघतात, तेव्हा त्यांना दिसतात सव्वीसच. मला फार गंमत वाटली. पण परीक्षेत सव्वीस लिहिलं तर शून्य मिळेल, हे त्यांना कोण सांगणार? मीच. चुकीचं उत्तर मला जेवणातल्या केसासारखं सहन होत नाही.

मग एकेकाला बोर्डाशी बोलावून आपापला घन करायला लावला. प्रत्येकाच्या नावाने आकार साठवता येतो. दिशाचा हात तर बघत राहावा. आकार कसाही फिरवला तरी मागची बाजू कशी दिसेल ते ही पोरगी आधीच सांगते. मी सहा वर्षांत अशी एक पाहिली नव्हती. हिला शिष्यवृत्तीला बसवायचंच.

एक गोष्ट गमतीची. सगळी पोरं समोरचा मधला ठोकळा अगदी शेवटी बसवतात. आणि तो बसवण्याआधी बोर्डाच्या काचेला तोंड लावून हळूच म्हणतात, "आत कोणी हाय का?" मग थोडं थांबतात, कान देतात, आणि ठोकळा बसवतात. मी म्हटलं, हाय नाही, आहे. तर ओळीने 'आहे का, आहे का' म्हणायला लागली. पण कान द्यायचं कोणी सोडलं नाही.

सोमवार, १३ जानेवारी

उद्या संक्रांतीची सुट्टी. आज योगिनीने तिळाच्या वड्या आणल्या होत्या. ती विज्ञान शिकवते, सायखेड्याचीच आहे, आणि बोलायला लागली की थांबत नाही. माझी इथली पहिली मैत्रीण.

तिला ठोकळ्यांची गंमत सांगितली. तिने हातातली वडी परत डब्यात ठेवली. मग म्हणाली की थप्पीचं शेवटचं कॅरेट लावताना इकडे विचारतातच. तिचे वडीलही विचारायचे. का, ते तिने सांगितलं नाही, वडी पुढे केली.

शिपाई कोंडाजीमामा तर शाळा सुटल्यावर मधल्या खोलीचं दार ओढायच्या आधी आत डोकं घालून रोज मोठ्याने ओरडतात, "आत कोणी हाय का?" खोली समोर रिकामी दिसत असते, तरी ओरडतात आणि उत्तराची वाट बघतात. मी एकदा गमतीने बाकामागून 'मी आहे' म्हटलं. माणूस पांढराफटक पडला. मला हसू आलं, नंतर वाईट वाटलं. त्यांना उद्यासाठी तिळगूळ दिला.

शुक्रवार, १७ जानेवारी

पुढच्या शुक्रवारी विस्तार अधिकारी साहेब शाळा बघायला येणार. बोर्डाचा वापर कसा होतो हे त्यांना पाहायचंय. सरांनी माझा तास नेमून दिलाय. मी मनातून फुलले आणि वरून आढेवेढे घेतले.

शाळा सुटल्यावर पोरांचे घन तपासले. सगळे पोकळ. साधनात 'कापून बघा' असं एक बटण आहे, त्याने आकार मधोमध उघडतो आणि आतलं दिसतं. प्रत्येकाच्या आकारात मधली जागा रिकामी. म्हटलं, साहेबांसमोर ही शोभा नको, मीच भरून टाकते. एकेकाचा आकार उघडून मधे बोट लावायचं, ठोकळा बसतो, मोजणी सत्तावीस दाखवते.

दिशाच्या आकाराला मात्र बसेना. मधे बोट लावलं की खाली पाटी येते, 'ही जागा रिकामी नाही.' डोळ्यांना रिकामी दिसते आणि पाटी म्हणते नाही. दहा वेळा केलं. शेवटी बोर्ड बसवणाऱ्यांपैकी अमोल म्हणून मुलगा आहे, त्याला फोन लावला. खोलीत रेंज नाही, दारात जाऊन बोलावं लागतं. तो म्हणाला की अशी पाटी तर त्यांच्या साधनात नाहीच. मग म्हणाला, सॉफ्टवेअर अडकलं असेल, 'भरीव करा' म्हणून पर्याय आहे तो दाबा, सगळं एकदम भरून जाईल.

दाबला. दिशाचा घन भरला. सत्तावीस.

काचेवर आतून वाफ धरावी तसं धुकं आलं आणि गेलं. बोर्ड तापला असणार. पण हात लावला तर गार होता.

शुक्रवार, २४ जानेवारी

झकास झालं. साहेब खूश, सर खूश.

सकाळीच पोरांना सांगितलं होतं, आज काचेशी कुजबुज नाही. कोंडाजीमामांनाही सांगितलं की साहेब असताना आणि त्यानंतरही दारात ओरडायचं बंद करा, शाळा आहे, यात्रा नाही. ते म्हणाले, "बाई, इचारावं लागतं." मी म्हटलं, दिवे लावलेले असतात, डोळ्यांनी दिसतं, विचारायचं कशाला? आवाज जरा चढला माझा. त्यांनी मान खाली घातली. मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं.

साहेबांनी विचारलं, एकूण ठोकळे किती? वर्ग म्हणाला, सत्तावीस. मला भरून आलं. फक्त दिशा काही बोलली नाही. साहेबांनी मुद्दाम तिलाच पुढे बोलावलं. तिने आपला घन उघडला, फिरवला, पाहिला आणि हात मागे घेतला.  साहेब गेल्यावर जवळ घेऊन विचारलं, बाळा काय झालं? म्हणाली, "तुम्ही न इचारता भरलं, मॅडम. तिला जागा नाय राहिली."

ती म्हणजे कोण, ते तिला सांगता येईना. की सांगायचं नव्हतं.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन. ऊन चांगलं पडलं होतं. दिशा ओळीत उभी होती, ओठ निळसर. गाल शिवले तर माठासारखे गार. तिच्या वेण्यांना गंधकाचा वास येत होता. तिची आई पूजाताई बाजूलाच होत्या. म्हणाल्या की दोन दिवस पोरगी धड जेवत नाही, अंथरुणात झोपत नाही, कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसते. सर्दी असेल म्हणाल्या. मी पण म्हटलं, असेल.

मंगळवार, २८ जानेवारी

मधल्या सुट्टीत दिशा सापडेना. सगळीकडे शोधलं. ती सातवीच्या वर्गातच होती. बोर्डाखाली जे लोखंडी कपाट आहे त्याच्या तळाच्या कप्प्यात, वह्या बाहेर काढून आत बसलेली. गुडघे छातीशी, मान वाकडी, श्वास चालत नव्हता. म्हणजे घेत होती पण आत जात नव्हता. डोळे उघडे. मी तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा केवढी हलकी लागली हाताला, आणि केवढी गार.

योगिनीच्या भावाच्या गाडीतून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, दमा नाही, छाती स्वच्छ आहे. पण अंग इतकं थंड का, ते त्यांना कळेना. गरम बाटल्या लावल्या, ऑक्सिजन लावला. रात्र तिथेच काढायला सांगितली.

परत आल्यावर मी सरांच्या टेबलासमोर बसले आणि म्हटलं की मला खरं काय ते सांगा, नाहीतर मी इथून उठणार नाही. सर आज परिपत्रकासारखं बोलले नाहीत.

पॅकहाऊस चालू होतं तेव्हाची गोष्ट. हंगामात पेठ तालुक्यातून मजूर यायचे, बायकापोरांसह. त्यातल्या एकाची पाच-सहा वर्षांची मुलगी खेळता खेळता मधल्या खोलीत थप्पीच्या पोकळीत जाऊन बसली. बाहेर थंडीही होती, कदाचित आडोसा म्हणून बसली असेल. कामाची घाई होती. माणसांनी समोरची कॅरेट लावली, दार ओढलं, यंत्र चालू केलं. आईबाप रात्रभर नदीकाठाने शोधत राहिले. दुसऱ्या दिवशी माल गाडीत भरताना थप्पी उतरवली तेव्हा सापडली. बसलेलीच होती.

तेव्हापासून या भागात शेवटचं कॅरेट लावताना विचारतात. पॅकहाऊस बंद पडलं, तरी विचारायचं सुटलं नाही. मी विचारलं, तिचं नाव काय होतं? सरांनी मफलर काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, कोणाला ठाऊक नाही. आईबाप तिला घेऊन गावी गेले, परत आले नाहीत. नाव विचारायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

म्हणजे इतकी वर्षं सगळे मिळून एका लेकराला एवढंच विचारत होते आणि मधली जागा तिच्यासाठी सोडत होते. ती तिथे बसून होती. आणि मी बटण दाबलं.

बुधवार, २९ जानेवारी

हे काय लिहिते आहे मी? बी.एड. झालेली बाई. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मीच वर्गाबाहेर काढलं असतं.

तरी दवाखान्यात गेले. दिशा घरी आली नव्हती, अजून तिथेच होती. ऑक्सिजन लावूनही ओठ निळे. पूजाताईंनी माझा हात धरला आणि सोडेचनात. त्यांना वाटतं, बाई शिकलेल्या आहेत, बाईंना काहीतरी माहीत असेल. मला माहीत होतं, आणि ते त्यांना सांगायची छाती झाली नाही माझी.

दिशाने मास्क बाजूला करून मला जवळ बोलावलं. म्हणाली, "तिला लय थंडी वाजते. माझ्यात बसलीय. मी उठ म्हणले, तर म्हणती, कुठं जाऊ?"

गुरुवार, ३० जानेवारी

डॉक्टरांनी नाशिकला हलवायला सांगितलं. मोठ्या दवाखान्यात. तिथेही तपासण्या सगळ्या चांगल्या. पोरगी मात्र कमी कमी होत चाललीय. आई म्हणाली, तू का रडतेस, तुझी कोण लागते ती?

माझी विद्यार्थिनी लागते. तिने बरोबर उत्तर दिलं होतं आणि मी ते खोडलं.

काय करायचं ते ठरलंय. जे भरलं ते रिकामं करायचं. आणि विचारायचं. एकेका आकाराला, नीट, थांबून. वेडेपणा असेल तर असू दे, कोणाला सांगायची गरज नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

दिवसभर बोर्डाला मोकळा वेळ मिळाला नाही. उद्या शनिवार, सकाळची शाळा. पोरं गेली की करते.

स्कूटी गॅरेजला आहे, बसने जाईन. तिथून परस्पर सिन्नरला मावशीकडे, सोमवारी तिकडूनच शाळेत. आईला तसं सांगितलंय, मावशीला मात्र अजून फोन केलेला नाही. घरात बसवत नाहीये.

योगिनी दवाखान्यात थांबली आहे. दिशा आज बोलली नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

शाळा सुटली. सगळे गेले. विटेवर दार नीट टेकलंय, दोनदा बघितलं. डायरी घेऊन बसलेय, लिहीत लिहीत केलं म्हणजे एकही नाव सुटणार नाही.

एकेकाचा घन उघडते आहे. समोरचा मधला ठोकळा काढायचा, मग पोटातला. मग काचेला तोंड लावून विचारायचं. पहिल्यांदा लाज वाटली. तिसऱ्या-चौथ्या वेळी नाही वाटली.

सगळ्यांत शेवटी दिशाचा. भरीव केलेला, मधला ठोकळा निघेना. एकेक ठोकळा वरपासून उचलून काढला आणि पुन्हा सगळा रचला. मधली जागा सोडून. समोरचा ठोकळा हातात धरून विचारलं, आत कोणी आहे का?

थांबले.

काही नाही.

पुन्हा विचारलं, तिला कळेल तसं. आत कोणी हाय का? चूक माझी झाली ग. मी विचारलं नाही. ये, जागा केली आहे. लेकराला सोड, तीही तुझ्यासारखीच आहे.

काचेवर धुकं आलं. मी ठोकळा बसवला.

*

दारात ठेवलेला फोन वाजला! धावले. योगिनी. दिशाने डोळे उघडले, चहा मागितला. अंग ऊन लागतंय, डॉक्टर स्वतः हसताहेत, पूजाताई रडताहेत.  देवा. देवा, किती बरं वाटतंय. एवढं हलकं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

बोर्डाची वायर काढते आणि निघते. मावशीसाठी वाटेत पेरू घेईन.

*

दार लागलं.

वायर काढायला कपाटामागे वाकले होते. पावलं ऐकली, कोंडाजीमामांची, चप्पल फरफटत येणारी. वीट सरकल्याचा आवाज. मला कळलं की आता ते विचारतील. मी त्यांच्या विचारण्याची वाट बघत राहिले. नुसती वाट बघत राहिले, वाकलेली, की आता विचारतील आणि मी म्हणेन —

नाही विचारलं. मीच सांगितलं होतं.

ओरडले. दार बडवलं. वीतभर भिंती. पलीकडे काही जात नाही.

*

फोनला रेंज नाही. सोमवारी उघडतील. आईला वाटणार मी सिन्नरला. मावशीला मी येणार हे माहीतच नाही.

घाबरायचं नाही. खोली मोठी आहे. हवा पुरेल. माणूस दोन दिवस उपाशी राहू शकतो. दिवे मामांनी बाहेरच्या बटणाने बंद केले, पण बोर्ड चालू आहे, वायर काढलीच नव्हती. त्याचा उजेड आहे.

*

गार पडायला लागलंय. यंत्र तर नाही इथे. कधीच काढून नेलंय. पण घुमतंय काहीतरी, भिंतीत, बारीक.

*

दिशाचा घन कापून पाहिला. मधे बोट लावलं. ठोकळा बसला. लगेच बसला. काही पाटी आली नाही.

म्हणजे ती त्यात नाही.

दिशात पण नाही. दिशा बरी आहे, ऊन आहे, चहा मागते आहे. बरी आहे ना. बरीच असू दे.

मग कुठे

*

बोर्डावर नावांच्या शेवटी एक नाव आहे. भाग्यश्री मॅडम. मी माझ्या नावाने काही काढलं नव्हतं. उघडलं. शाळा आहे. नऊ खोल्या, वरून दिसतात तशा. आठ ठोकळे आणि मधे मोकळं.

मधे बोट लावलं.

ही जागा रिकामी नाही.

*

वास फार येतो. बोटं वळत नाहीत. कपाटाला टेकून बसले आहे, गुडघे जवळ घेऊन. असं बसलं की थंडी थोडी कमी वाजते. म्हणून ती अशी बसली होती. आता कळतं.

श्वास अर्धाच —

*

बोर्ड विझला. फोनच्या उजेडात लिहिते. सात टक्के.

शेजारी कोणीतरी बसलंय. शिवत नाही. नुसतं बसलंय, माझ्याएवढंच कुडकुडत —

*

मी नाव विचारलं. कोणी विचारलं नव्हतं म्हणून. सांगितलं तिने. लिहून ठेवते, म्हणजे सोमवारी कोणीतरी —

नाही. आधी ती विचारते आहे. अगदी बारीक आवाज. तोंड कानाशी. थांबलीय, उत्तराची वाट बघतेय, सगळे थांबतात तशी —

आत कोणी हाय का

हाय. मी हाय बाळा. तुझं नाव लिहिते, थांब, तुझं ना